मालमोटारीची तडकलेली चासी : दुरुस्ती कशी करावी आणि केव्हा करू नये

दिवा हे नाव बाहेरच्या माणसाला ठाऊक असते ते रेल्वेचे जंक्शन म्हणून. ठाण्याहून कल्याणकडे जाणाऱ्या मुख्य लोहमार्गाला वसईचा आणि पनवेलचा असे दोन फाटे येथे फुटतात, आणि लोकलच्या गर्दीखेरीज अन्य कारणाने या गावाची दखल सहसा कोणी घेत नाही. परंतु स्थानकाच्या पूर्वेस उतरून दिवा-शीळ रस्त्याने शीळफाट्यापर्यंत गेले म्हणजे या परगण्याचा दुसरा, अधिक जड असा संसार दृष्टीस पडतो : न्हावाशेव्याच्या बंदरातून कळंबोली-तळोज्यावरून येऊन मुंब्रा बाह्यवळणाने भिवंडीच्या गुदामांकडे निघालेले कंटेनर, डोंबिवली-कल्याणच्या नव्या इमारतींसाठी खडी आणि माती वाहणारे हायवा, औद्योगिक वसाहतींतून ये-जा करणारे रसायनांचे टँकर, आणि या सर्वांमधून वाट काढणारे जुन्या बांधणीचे दहाचाकी ट्रक. जेथे एवढी वाहतूक तेथे मोडतोडही तेवढीच. आणि मोडतोडीच्या सर्व प्रकारांत मालधन्याच्या पोटात धस्स व्हावे असा प्रकार एकच, तो म्हणजे चासीला गेलेला तडा.

हा लेख मुख्यतः ज्याच्या पदरी एकदोनच गाड्या आहेत, त्यांचेही हप्ते अद्याप फिटावयाचे आहेत, आणि गाडी चार दिवस उभी राहिली तर ज्याचा महिन्याचा हिशेब कोलमडतो, अशा लहान मालधन्यासाठी आहे. आणि त्याच्या गाडीवर ज्याला काम करावयाचे आहे त्या वेल्डरलाही यातील काही भाग उपयोगी पडावा. माझे मत आरंभीच नमूद करतो. चासीच्या ज्या दुरुस्त्या फुकट जातात त्यांतील बहुतेक वेल्डिंग कच्चे राहिल्यामुळे जात नाहीत. चासी येथेच का तडकली, हा प्रश्न होल्डर हातात घेण्यापूर्वी कोणी विचारलेला नसतो म्हणून जातात. तडा हा झालेल्या नुकसानीचा पुरावा आहे, आणि पुरावा बुजवून टाकल्याने मूळ कारण नाहीसे होत नाही.

मालमोटारीची चासी म्हणजे शिडीच्या आकाराचा सांगाडा. दोन लांब पट्ट्या गाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातात, ज्यांना गॅरेजात लाँग मेंबर म्हणतात, आणि त्यांना आडवे जोडणारे क्रॉस मेंबर त्यांच्या दरम्यान बसविलेले असतात. लांब पट्टी इंग्रजी सी अक्षराच्या आकाराची, म्हणजे मध्ये उभे पोट आणि वर-खाली एकेक आडवी फ्लँज अशी असते. तिची उंची पाव मीटरच्या आसपास आणि जाडी बहुधा सहा ते आठ मिलिमीटर. एवढ्या पातळ पट्टीवर वीस-पंचवीस टन भार तोलला जातो तो तिच्या पोलादाच्या गुणामुळे. इमारतीच्या साध्या पोलादाची जी ई २५० नावाची प्रत आयएस २०६२ या भारतीय मानकात दिली आहे ती दर चौरस मिलिमीटरला २५० न्यूटन ताणापर्यंत कायमची वाकत नाही. चासीसाठी वापरावयाचे उच्चबल पोलाद सामान्यतः याच्या दीडपटीच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक ताण सोसते. भंगाराच्या दुकानातून आणलेला हाती लागेल तो चॅनल चासीत घालणे अयोग्य का, याचे अर्धे उत्तर या एका आकड्यात आहे.

गाडी भरली म्हणजे ही पट्टी वाकते, आणि वाकताना पोटाच्या मध्यावर ताण जवळजवळ शून्य राहून तो वरच्या आणि खालच्या फ्लँजच्या कडेला सर्वांत जास्त होतो. पुढच्या व मागच्या चाकांच्या दरम्यान खालची फ्लँज ताणली जाते, तर मागच्या आसाच्या वर आणि त्याच्याही मागे जो भाग अधांतरी राहतो तेथे वरची. म्हणून फ्लँजला भोक पाडण्यास सर्व निर्माते सक्त मनाई करतात आणि जरूर ती भोके पोटातच पाडण्याची मुभा देतात. आणि म्हणूनच हौदा बसविताना, ताडपत्रीचे हूक लावताना, किंवा केवळ एखादी वायर अडकविण्यासाठी कोणी फ्लँजला पाडलेले बोटभर भोक पुढे कैक महिन्यांनी तड्याचे उगमस्थान ठरते.

वाकण्यापेक्षाही चासीला अधिक छळणारी गोष्ट म्हणजे पीळ. डाव्या बाजूचे चाक खड्ड्यात आणि उजव्या बाजूचे उंचवट्यावर गेले म्हणजे सबंध शिडी पिळवटते, आणि ती पिळवटावी अशीच तिची रचना असते. उघडा चॅनल पिळाला सहज वश होतो आणि खड्डा संपताच पूर्ववत होतो. बांधकामाच्या जागी भुसभुशीत भरावावर मागची दोन चाके असमान पातळीवर ठेवून हायवाचा हौदा उचलणे हा या पिळाचा अतिरेक होय, आणि हौद्याखालच्या सबफ्रेमचा शेवट जेथे चासीवर टेकतो नेमक्या त्या जागी तडा का येतो याचे कारणही तेच : वरचा ताठ भाग जेथे संपतो तेथे खालच्या लवचिक भागावर साऱ्या हालचालीचा बोजा एकवटतो. तारेचा तुकडा वारंवार इकडून तिकडे वाकविला की एका क्षणी तो अनपेक्षितपणे हातात येतो, तसा हा धातूचा शिणवटा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आउगुस्ट व्होलर नावाच्या जर्मन रेल्वे अभियंत्याने आगगाडीच्या आसांवर प्रयोग करून दाखविले की, एका वेळच्या भाराने कधीही न मोडणारे पोलाद त्याहून कितीतरी कमी भार लाखो वेळा आला असता मोडते. दिव्याच्या रुळांवरून रोज जी आगगाडीची चाके धावतात त्यांच्या आसांची वेळोवेळी तपासणी होते ती याच ज्ञानाच्या आधारे. ट्रकच्या चासीची मात्र अशी नियमाने तपासणी होत नाही, ती तुटली म्हणजेच तिच्याकडे लक्ष जाते.

येथे जादा मालाचा विषय टाळता येत नाही. वितळजोडाच्या बाबतीत अभियांत्रिकीचा प्रस्थापित नियम असा की, हेलकाव्यांनी येणारा ताण जितक्या पटीने वाढेल तिच्या घनाच्या प्रमाणात आयुष्य घटते. ताण सव्वापट केला तर आयुष्य जवळजवळ अर्ध्यावर येते. दीडपट केला तर तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी उरते. केंद्र सरकारने १६ जुलै २०१८ च्या अधिसूचनेने आसांवरील भाराच्या मर्यादा वाढविल्या, त्यानुसार दोन आसांच्या ट्रकचे एकूण अनुज्ञेय वजन १६.२ टनांवरून १८.५ टन आणि तीन आसांच्या ट्रकचे २५ टनांवरून २८.५ टन झाले. कायद्याचा हा बदल आपल्या ठिकाणी योग्य असेल. पण राजपत्रात आकडा छापून आल्याने त्यापूर्वी बांधलेल्या चासीच्या पत्र्याची जाडी वाढत नाही, हे जुन्या गाडीच्या मालकाने ध्यानात ठेवलेले बरे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली जादा मालाचा दंड २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २ हजार रुपये असा आहे, आणि तो पकडले गेले तरच भरावा लागतो. चासी आपला दंड प्रत्येक फेरीला वसूल करीत असते.

आता तड्याकडे वळू. तो बहुधा तुटण्यापूर्वी पुष्कळ दिवस आपली सूचना देत असतो. रिव्हेटच्या डोक्याभोवती तांबूस भुकटी किंवा गंजाचा ओघळ दिसू लागला तर तो रिव्हेट सैल झाला असे समजावे. केबिनचा दरवाजा एकाएकी घट्ट बसू लागला, केबिन आणि हौदा यांच्यातील फट एका बाजूला अरुंद दिसू लागली, किंवा सरळ रस्त्यावर गाडीचा मागचा भाग किंचित तिरका चालतो असे मागून येणाऱ्या चालकाने सांगितले, तर गाडी खड्ड्यावर उभी करून खालून पाहण्यास दिरंगाई करू नये. पाहण्याच्या जागा ठरलेल्या आहेत : स्प्रिंगच्या पाट्यांच्या हँगर ब्रॅकेटभोवती, क्रॉस मेंबरच्या टोकांशी, केबिनच्या लगेच मागे, सबफ्रेमच्या पुढच्या टोकाखाली, आणि पूर्वी कोणी वेल्डिंग केले असेल तर त्याच्या दोन्ही कडांना. या शेवटच्या जागेकडे विशेष लक्ष द्यावे.

तडा सापडल्यावर पहिला निर्णय असा घ्यावयाचा की, ही पट्टी वेल्डिंग करण्याजोगी आहे काय. काही परदेशी बनावटीच्या जड गाड्यांच्या पट्ट्या उष्णसंस्कार केलेल्या पोलादाच्या असतात, आणि त्यांच्यावर तशी सूचनाही चिकटविलेली असते. अशा पट्टीला वेल्डिंगची आच लागली की संस्काराने आलेले बळ त्या जागी नाहीसे होते, सबब तेथे वेल्डिंग मुळीच करू नये. आपल्याकडील सामान्य मालमोटारीची पट्टी बहुधा वेल्डिंग सोसते, तरी निर्मात्याच्या अधिकृत कार्यशाळेतून गाडीच्या नमुन्याचे नाव सांगून खातरजमा करून घ्यावी. गंजाने पत्रा झिजून पातळ झाला असेल, तडा दोन्ही पट्ट्यांत समोरासमोर गेला असेल, पट्टी अपघाताने वाकून मग तडकली असेल, किंवा तडा स्टिअरिंग बॉक्सच्या बैठकीजवळ असेल, तर दुरुस्तीचा मोह टाळून पट्टी बदलण्याची तजवीज करावी. वाकलेली पट्टी गॅसच्या ज्योतीने लाल करून सरळ करण्याची वहिवाट आपल्याकडे सर्रास दिसते; उच्चबल पोलादाच्या बाबतीत ती घातक आहे, आणि जो मिस्त्री ती सुचवितो त्याच्या बाकीच्या सल्ल्याकडेही सावधपणे पाहावे.

दुरुस्ती ठरली म्हणजे वेल्डिंगपूर्वीची तयारी आली, आणि या कामाचा अर्ध्याहून अधिक वेळ तीत जावा असे मी म्हणेन. माल पूर्णपणे उतरवावा. गाडी सपाट, कठीण जमिनीवर घेऊन दोन्ही पट्ट्यांखाली लाकडी ओंडके आणि जॅक अशा रीतीने लावावेत की तडा आपोआप मिटून त्याच्या दोन्ही कडा एका रेषेत येतील. तडा उघडा असताना तो वेल्डिंगने भरला तर गाडी कायमची वाकडी राहते. मग ओळंब्याने चासीवरील समोरासमोरच्या ठरावीक भोकांच्या खुणा जमिनीवर उतरवाव्या आणि खडूच्या दोरीने त्यांचे कर्ण मोजावेत. दोन्ही कर्ण सारखे भरले पाहिजेत. चारपाच मिलिमीटरहून अधिक फरक पडला तर आधी सांगाडा सरळ करावा, मग तड्याला हात लावावा.

डिझेलची टाकी जवळ असेल तर ती काढून दूर ठेवावी. रिकामी टाकी भरलेल्या टाकीहून अधिक धोक्याची, कारण तिच्यात राहिलेली वाफ स्फोटक असते. सीएनजीवर चालणाऱ्या गाडीच्या सिलिंडरांबाबत तर जाणत्या माणसाच्या देखरेखीशिवाय कामच सुरू करू नये. ब्रेकच्या हवेच्या नायलॉन नळ्या आणि वायरिंगचा जुडगा बाजूला करून अग्निरोधक कापडाने झाकावा. १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-६ गाड्यांत इंजिन आणि धुराच्या शुद्धीकरणाची यंत्रणा इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाच्या हुकमाखाली चालते, म्हणून केवळ मुख्य स्विच बंद करून भागत नाही. बॅटरीची दोन्ही टोके सोडवून नियंत्रकाचे सॉकेटही काढावे. वेल्डिंगचा अर्थिंग क्लँप तड्याच्या अगदी जवळ, घासून चकचकीत केलेल्या धातूवर लावावा. तो मागच्या आसाला किंवा पाट्याला लावून ठेवला तर सारा प्रवाह चाकाच्या बेअरिंगांतून जातो आणि गोळ्यांवर सूक्ष्म खड्डे पडतात, ज्यांचा दोष पुढे बिचाऱ्या ग्रीसला दिला जातो. पाट्याच्या पोलादावर ठिणगी पडू देऊ नये किंवा रॉड पेटवून पाहण्यासाठी तो त्यावर घासू नये. तेथे निर्माण होणारा ठिसूळ ठिपका उद्या पाटा तोडतो.

तड्याचे खरे टोक डोळ्यांना दिसते त्याच्या पलीकडे असते. रंग आणि गंज घासून काढल्यावर डाय पेनिट्रंटचा लाल द्रव लावून दहा-पंधरा मिनिटे थांबावे, पुसून पांढरी पावडर फवारावी, म्हणजे तड्याची रेषा लाल उमटते. ही सामग्री नसल्यास रॉकेल चोळून, कोरडे पुसून, वर खडूचा लेप देण्याची युक्ती आहे. रेल्वेच्या कारखान्यांतून एके काळी हीच चालत असे, आणि घाईच्या प्रसंगी ती अजूनही उपयोगी पडते. टोक सापडले की त्याच्या किंचित पुढे पाच-सहा मिलिमीटरचे भोक पाडावे, म्हणजे उष्णतेने तडा पुढे पळत नाही. मग ग्राइंडरने तडा संपूर्ण खोलीपर्यंत उकरून साधारण साठ अंशांची व्ही आकाराची खाच करावी आणि तळाशी सुमारे दोन मिलिमीटर फट ठेवावी. वरवर खाच करून भराव टाकला तर तडा आत तसाच राहतो आणि वर केवळ झाकण बसते. नंतर बाहेरून पाहणाऱ्याला ते ओळखता येत नाही, म्हणून ही खाच मालकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहून मगच पुढच्या कामाला संमती द्यावी.

रॉडचा प्रश्न इतका महत्त्वाचा आहे की त्यासाठी थोडे थांबले पाहिजे. रस्त्याकाठच्या गॅरेजात सर्वसाधारणपणे जो रॉड हाताशी असतो तो ६०१३ या वर्गाचा. तो सहज पेटतो, त्याचा जोड दिसायला गुळगुळीत येतो, आणि खिडकीच्या जाळीला किंवा हौद्याच्या पत्र्याला तो उत्तम. चासीसाठी मात्र कमी हायड्रोजनचा ७०१८ वर्गाचा रॉड हवा, ज्याच्या नावातील पहिले दोन आकडे जोडाचे तन्य बल दर चौरस इंचाला ७० हजार पौंड असल्याचे सांगतात. परंतु या रॉडचा सारा गुण त्याच्या कोरडेपणावर अवलंबून आहे. त्याच्या लेपात हवेतील ओलावा शिरला की ठिणगीच्या उष्णतेने त्यातून हायड्रोजन सुटतो, तो वितळलेल्या धातूत विरघळतो, आणि जोड थंड झाल्यावर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, शेजारच्या पोलादात तडा पाडतो. दिव्याच्या एका अंगाला खाडी आणि खारफुटी, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत अखंड पाऊस. येथे उघड्या पाकिटातला ७०१८ भिंतीशी महिनाभर पडून राहिला तर तो नावापुरताच कमी हायड्रोजनचा उरतो. असा रॉड सुमारे ३०० अंश सेल्सिअसवर एक ते दोन तास भट्टीत भाजून, नंतर गरम डब्यात ठेवून, बाहेर काढल्यापासून चारएक तासांच्या आत वापरावा. भट्टी नसलेल्या गॅरेजात निदान नवे सीलबंद पाकीट आपल्या समक्ष फोडून घ्यावे. रॉडला लागणारा खर्च चासीच्या किमतीपुढे इतका क्षुल्लक आहे की येथे काटकसर करणाऱ्याची कीव येते.

वेल्डर निवडताना ओळखीपेक्षा परीक्षा बरी. आयटीआयमधून वेल्डरचा अभ्यासक्रम पूर्ण केलेले पुष्कळ तरुण ठाणे-अंबरनाथच्या बाजूला आहेत, आणि कित्येक अशिक्षित कारागिरांचा हातही त्यांच्या तोडीचा असतो. तेव्हा दाखला पाहावा, पण त्याबरोबर सात-आठ मिलिमीटरचे दोन तुकडे उभे धरून जोडावयास सांगावे, जोडाला करवतीने खाच द्यावी आणि घणाने मोडून आतला भाग पाहावा. आत काळी पोकळी किंवा स्लॅगची रेघ दिसली तर चहा पाजून नम्रपणे दुसरीकडे जावे.

प्रत्यक्ष वेल्डिंगविषयी थोडक्यात सांगता येते, कारण जाणत्याला ते ठाऊक असते आणि अजाणत्याला लेख वाचून येत नाही. ३.१५ मिलिमीटरच्या ७०१८ रॉडला साधारण १०० ते १४० अँपिअर प्रवाह पुरतो. डीसी यंत्र असल्यास रॉड धन ध्रुवावर ठेवावा. जागा दमट असेल तर ज्योतीने केवळ ओल जाईपर्यंत, हाताला चटका बसेल इतपतच गरम करावी. पोटातील उभा जोड खालून वर न्यावा. तडा फ्लँजच्या कडेपासून आत गेलेला असेल तर आतल्या भोकापासून मोकळ्या कडेकडे यावे, म्हणजे आकुंचनाला वाट मिळते. आणि कडेला त्याच जाडीचा एक लहान तुकडा तात्पुरता चिकटवून जोड त्यावर संपवावा, म्हणजे शेवटचा खड्डा त्या तुकड्यात राहतो व तुकडा कापून टाकता येतो. प्रत्येक थर घासून स्लॅग काढावा. बाहेरची बाजू भरल्यावर आतून मूळ उकरून तेथेही भराव घालावा. शेवटी फ्लँजवरील जोड पत्र्याशी समपातळीत घासावा, आणि घासण्याच्या रेघा पट्टीच्या लांबीच्या दिशेने जाव्यात. आडव्या रेघा स्वतःच तड्याची सुरुवात ठरू शकतात. जोड पाणी ओतून थंड करणे हा अक्षम्य उतावीळपणा होय. पावसाळ्यात ओल्या जमिनीवर काम करणाऱ्या वेल्डरने कोरड्या फळीवर उभे राहावे आणि होल्डरचे वेष्टन फाटलेले नाही हे पाहावे, कारण एसी ट्रान्सफॉर्मरचा मोकळ्या अवस्थेतील सुमारे ८० व्होल्टचा दाबही भिजलेल्या अंगाला प्राणघातक ठरतो.

यानंतर येतो तो आपल्याकडील दुरुस्तीचा सर्वांत लाडका आणि सर्वांत घातक भाग, म्हणजे आधाराची प्लेट. जोड केल्यावर मालकाचे समाधान होत नाही. त्याला वाटते की वर एक जाड, चौकोनी प्लेट चारी बाजूंनी वेल्डिंग करून ठोकली म्हणजे जन्माची काळजी मिटली. मिस्त्रीही त्याला रुकार देतो, कारण जाड प्लेट दिसते भक्कम आणि बिलात शोभते. परंतु प्लेटच्या उभ्या टोकाशी पट्टीची ताठरता एका रेषेवर एकदम बदलते, त्याच रेषेवर आडवे वेल्डिंग असते, आणि काही महिन्यांनी नवा तडा अगदी पट्टीने आखल्यासारखा त्या टोकालगत जातो. मग त्यावर आणखी मोठी प्लेट येते. काही गॅरेजांत तर उघड्या चॅनलचे तोंड पत्र्याने बंद करून तेवढ्या भागाचा पेटीसारखा बॉक्स करतात. बंद पेटी पिळाला उघड्या चॅनलच्या कैक पटीने ताठ असल्यामुळे पिळाचा सारा बोजा तिच्या दोन टोकांशी लोटला जातो, आणि आधी एका जागी असलेला रोग दोन जागी होतो.

आधार द्यावयाचाच असेल तर तो चॅनलच्या आतल्या बाजूने, पट्टीच्याच प्रतीच्या पोलादाचा आणि तिच्याहून जाड नसलेला असा द्यावा. त्याची लांबी तड्याच्या दोन्ही बाजूंना पट्टीच्या उंचीच्या निदान दुप्पट पुढे जावी, आणि टोके उभी न कापता पंचेचाळीस अंशांच्या किंवा त्याहूनही निमुळत्या उतरत्या कोनात कापावीत, म्हणजे ताठरता हळूहळू कमी होत जाते. टोक हँगर ब्रॅकेटच्या किंवा सबफ्रेमच्या टोकाशी एका रेषेत येऊ देऊ नये. वेल्डिंग लांबीच्या कडांना करावे, टोकांना आडवे करू नये, फ्लँजच्या कडेवर तर नाहीच. त्याहूनही चांगले म्हणजे पोटात भोके पाडून घट्ट बसणारे उच्चबल बोल्ट घालावेत, दोन भोकांतील अंतर बोल्टच्या व्यासाच्या तिपटीहून कमी ठेवू नये. एका पट्टीला आधार दिला तर दुसरीलाही तितक्याच लांबीचा द्यावा, अन्यथा दोन बाजू निरनिराळ्या लवतात आणि गाडी वाकडी चालू लागते.

निर्माते एवढे वेल्डिंगचे ज्ञान पदरी असूनही क्रॉस मेंबर रिव्हेटने किंवा बोल्टनेच का बसवितात, असा प्रश्न चौकस वाचकाला पडेल. एक कारण असे की, रिव्हेटचा सांधा सूक्ष्म हालचाल सोसून घेतो. दुसरे असे की, एका तुकड्यातला तडा रिव्हेटच्या सांध्यापाशी थांबतो, वेल्डिंगने एकजीव झालेल्या सांगाड्यात मात्र तो सरळ पलीकडे जातो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने रिव्हेटऐवजी वेल्डिंग करून झपाट्याने जहाजे बांधली. त्यांपैकी स्केनेक्टडी नावाचे तेलवाहू जहाज जानेवारी १९४३ मध्ये पोर्टलंडच्या गोदीत शांत पाण्यात, नांगरलेल्या अवस्थेत, मोठा आवाज होऊन मध्यावर दुभंगले. सैल झालेला रिव्हेट काढून त्या जागी क्रॉस मेंबर पट्टीला वेल्डिंगने चिकटवून टाकण्याची जी सोपी वाट आपल्याकडे निवडली जाते तिचा परिणाम गोदीतल्यासारखा नाट्यमय होत नसेल; पण तडा जाण्याची रीत तीच. रिव्हेटची जागा योग्य मापाच्या बोल्टने भरावी.

जोड पूर्ण थंड झाल्यावर पुन्हा डाय पेनिट्रंटने तपासावा, शक्यतो दुसऱ्या दिवशी, कारण हायड्रोजनचा तडा उशिरा प्रकट होतो. मग जस्तयुक्त प्रायमर, त्यावर रंग, आणि दोन पत्र्यांच्या मधली फट सीलंटने बंद. तेथे पाणी शिरले तर गंज फुगून दोन्ही पत्रे एकमेकांपासून उचलतो. खाडीची ओली रेती किंवा कचरा वाहिलेल्या गाड्यांत क्षार आणि आम्ल द्रव चॅनलच्या खालच्या फ्लँजवर साचून राहतो, तेव्हा अशा गाड्यांची चासी गोड्या पाण्याने धुण्याची सवय ठेवावी.

टँकरबद्दल एक वाक्य स्वतंत्र लिहितो : ज्या टाकीत ज्वालाग्राही पदार्थ वाहिला गेला आहे तिच्या चासीवरसुद्धा, टाकी वायुमुक्त असल्याचा सक्षम व्यक्तीचा दाखला हाती आल्याशिवाय, वेल्डिंगची ठिणगी पाडू नये, चालक कितीही घाईत असला तरी.

दस्तऐवजांची बाजू लहान असली तरी हयगय करण्याजोगी नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील बदलतील असे फेरफार करण्यास मनाई करते. तडा जोडणे ही दुरुस्ती आहे, पण चासी कापून लांब करणे किंवा आस वाढविणे हा फेरफार होय आणि त्याला आरटीओची मंजुरी लागते. चासी क्रमांक कोरलेला भाग घासू, झाकू किंवा कापू नये. तो भागच बदलावा लागत असेल तर आधी आरटीओकडे अर्ज करावा, मागाहून खुलासा करीत बसणे फार महागात पडते. अपघातानंतरची दुरुस्ती असेल तर विमा कंपनीचा सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत काम सुरू करू नये. आठ वर्षांपेक्षा जुन्या गाडीला दरवर्षी पासिंग करावे लागते; त्या वेळी दाखविण्यासाठी कामाचे बिल, त्यात रॉडचा वर्ग आणि पोलादाची प्रत लिहून, खाचेच्या व पूर्ण जोडाच्या छायाचित्रांसह जपून ठेवावे.

दुरुस्तीनंतरची पहिली फेरी अर्ध्या मालाने करावी, आणि ती मुंब्रा बाह्यवळणाच्या चढावर न करता सपाट रस्त्यावर करावी. काही शे किलोमीटर झाल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळून जोडाच्या दोन्ही कडा व आधाराची टोके बॅटरीच्या प्रकाशात पाहावीत, आणि पुढे दर ग्रीसिंगच्या वेळी चालकाने हे पाहणे कामाचा भाग समजावे. त्याच जागी पुन्हा तडा आला, तर दुसऱ्या वेल्डिंगचा विचार मनात आणू नये, पट्टीच बदलावी.